पाढा म्हणता येतोय, पण सात आठे विचारलं की गाडी अडते

पत्र : नमस्कार ताई. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सहाची, दीड वर्ष झालं दोघांना घरीच शिकवतेय. वाचन-बिचन मस्त चाललंय पण गणिताला गाडी अडलीय. मुलगा बे पासून दहापर्यंत पाढे घडाघडा म्हणतो पण मधलंच 'सात आठे' विचारलं की परत सात एके सात पासून सुरू. बेरीज तर अजून बोटांवर, ८ आणि ५ सुद्धा. सासरे मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, त्यांचा सगळा हिशोब तोंडी, ते रोज म्हणतात पोरांचं वाटोळं करतेस. मागच्या आठवड्यात मुलगा रडला, वही फेकली, मी पण ओरडले. वर्कशीटं वाढवू, का अबॅकस लावू, का सरळ शाळेत घालू? आणि धाकटीला आत्तापासूनच पाढे सुरू करू का?
– विश्रामबागची आई

उत्तर :

अगं, तुला सरळ अगंतुगं करतेय, राग मानू नको. सव्वीस वर्षं साताऱ्याकडं झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं, त्यामुळं आई समोर दिसली की तोंडातून हेच येतंय.

तुझ्या पोराला पाढे येत नाहीत असं नाहीये आणि येतात असंही नाहीये. त्याला पाढे म्हणता येतात. ह्यातला फरक कळायला मला स्वतःला नऊ-दहा वर्षं लागली, तेव्हा तू दीड वर्षात घाबरू नको. माझ्या वर्गात एक पोरगी होती, बे पासून तीसपर्यंत पाढे एका दमात, मी तिला आल्यागेल्यासमोर उभी करायचे आणि मलाच मिरवल्यासारखं व्हायचं. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं सहा नवे किती, तर ही सहा एके सहा पासून सुरू झाली आणि सहा सातेपाशी घाबरून अडकली. साहेब गेल्यावर मी तिला रागावले, आता आठवलं तरी लाज वाटते कारण चूक तिची नव्हतीच, मी तिला गाणं शिकवलं होतं आणि परीक्षा मात्र गाण्यातल्या एकाच शब्दाची झाली. तुलाच विचारते, वर्णमालेत 'भ'च्या आधी काय येतं? बघ, प फ ब असं मनात म्हणालीसच ना. तुझ्या पोराचं सात आठेला तेच होतंय, पायरी चौदावी पाहिजे पण जिना चढायला खालूनच लागतोय.

म्हणून पाढे म्हणणं बंद कर असं अजिबात म्हणत नाही मी, संध्याकाळी दिव्यापाशी म्हणू देत, त्याला लय असते आणि पोरांना आवडतं. फक्त ते गणित शिकवून झालं असं धरू नको. खरं काम वेगळं आहे आणि ते तुला वाटतंय त्यापेक्षा फार थोडं आहे, कसं ते आकड्यांतच सांगते.

एक ते दहाच्या पाढ्यांत १०० उत्तरं असतात, हे ऐकूनच आईचा जीव दडपतो. पण सात आठे आणि आठ साते एकच ना, मग ती जोडी एकदाच धरली की राहतात ५५. त्यातनं एक, बे, पाच आणि दहाचे पाढे काढून टाक कारण ते त्याला येत असणारच, आता राहिली २१. नऊचा पाढा म्हणजे दहाच्या पाढ्यातनं एकेकदा वजा, म्हणजे नऊ साते पाहिजे तर सत्तरातनं सात काढले की त्रेसष्ट, हे एकदा पटलं की नऊचाही पाढा गेला आणि उरली फक्त १५. पंधरा! मोजून बघ, तीन त्रिक, तीन चोक, तीन सक, तीन साते, तीन आठे, मग चार चोक, चार सक, चार साते, चार आठे, मग सहा सक, सहा साते, सहा आठे, सात साते, सात आठे, आठ आठे, संपलं. आणि ह्यातली पण निम्मी त्याला आत्ताच येत असतील. म्हणजे तुमच्या घरात रडारड चाललीय ती सात-आठ उत्तरांवरनं.

तेव्हा ह्या आठवड्यात शिकवायचं काही नाही, नुसतं शोधायचं. जुन्या लग्नपत्रिका घरात असतातच, त्याचे पत्ते काप, एकेकावर एक गणित लिही, पाठीमागं उत्तर, आणि रोज पाच-सहा सहज विचार, चहा गाळताना वगैरे. मनात तीन मोजेपर्यंत उत्तर आलं तर ते आलं, नाहीतर नाही, पण त्याला हे मोजणं कळू द्यायचं नाही आणि नाही आलं तर तोंड वाकडं करायचं नाही. आठवड्यात तुझ्याकडं न येणाऱ्यांची गड्डी तयार होईल आणि ती एवढीशी असेल. ती गड्डी त्याच्या हातात दे, म्हणावं बाबा एवढंच राहिलंय. पोरं अर्धी तिथंच मोकळी होतात, कारण त्यांना वाटत असतं आपल्याला गणितच येत नाही.

मग कंदी पेढ्यांचे तीन रिकामे खोके घे (सांगलीत राहून सातारचे पेढे आणत नसशील तर ती तुझी चूक). पहिल्या खोक्यात न येणारे पत्ते, ते रोज. पटकन आलं की तो पत्ता दुसऱ्या खोक्यात, ते दोन दिवसांआड. तिथंही आलं की तिसऱ्यात, ते फक्त रविवारी. कुठंही चुकलं तर पत्ता परत पहिल्या खोक्यात, रागवायचं नाही, फक्त पत्त्यानं मागं जायचं. आणि पहिल्या खोक्यात नवे पत्ते एका वेळी दोनच, तीन नाही, आईला नेहमी तिसरा घालायचा मोह होतो. सगळं मिळून दहा मिनिटं, ती पण सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच अशी तोडलीस तर जास्त चांगलं, कारण विसरायला लागल्यावर परत आठवावं लागतं तेव्हाच ते पक्कं बसतं, एका बैठकीत चाळीस वेळा लिहून घेतलेलं दुसऱ्या दिवशी पुसलेलं असतंय. वर्कशीट वाढवू का विचारलंस, त्याचं उत्तर हेच.

पण पत्ते नुसते घोकून घेऊ नको. प्रत्येक नवीन गणिताकडं जायला त्याला आधीच येणाऱ्या गणितावरनं एक वाट दाखव. चारचा पाढा म्हणजे बेची दुप्पट, आठचा म्हणजे चारची दुप्पट, सहाचा म्हणजे तीनची. सात चोक येत नसेल तर सात दुणे चौदा, चौदा नि चौदा अठ्ठावीस. घरात ताटलीला चार इडल्यांचं इडलीपात्र असेल तर चारचा पाढा रविवारी सकाळी आपोआप होतो, तीन ताटल्या लावल्या तर इडल्या किती, पाहुणे आले आता चौथी पण लाव. अंडी आणत असाल तर तीसचा ट्रे आहे, सहा ओळी पाच-पाचच्या, तोच आडवा फिरवला की पाच ओळी सहा-सहाच्या, अंडी तेवढीच, सहा पंचे आणि पाच सक एकच हे सांगावं लागत नाही, दिसतं. आणि त्या छळवाद्या सात आठेला एक गंमत आहे, पाच सहा सात आठ, छप्पन म्हणजे सात आठे, आकडे ओळीनंच उभे आहेत. एकदा सांग, जन्मात विसरणार नाही.

आता बेरीज. खरं तर मी तुझ्या जागी असते तर पाढे महिनाभर बाजूला ठेवून आधी हेच केलं असतं, कारण आठ नि पाचला बोटं लागतायत तर सत्तरातनं सात काढताना काय होणार. पुढं मोठे गुणाकार आले की पोराचं सगळं लक्ष त्या बारक्या बेरजेतच जातं आणि हातचा कुठला नि कुठं मांडायचा हे विसरतं, मग आपण म्हणतो याला गुणाकार कळत नाही. कळलेला असतो गं, डोक्यात जागा उरलेली नसते.

बोटं मोजतो म्हणून हात मागं बांधायला लावू नकोस, आमच्या वेळी लावायचे. बोटं काढून घेतली की पोरगं टेबलाखाली पायाची बोटं मोजतंय, नाहीतर अंदाजानं ठोकून देतंय. फक्त बघ की तो मोजतो कसा. आठ बोटं एक दोन तीन करत पहिल्यापासनं मोजून मग पाच मोजत असेल तर तो अजून पहिल्या पायरीवर आहे, त्याला 'आठ मनात, पाच बोटांवर' शिकव, नऊ दहा अकरा बारा तेरा. ते करत असेल तर पुढची पायरी म्हणजे दहा करणं, पाचातले दोन आठाला दिले, दहा झाले, उरले तीन, तेरा. ही एवढी एक युक्ती हातात आली की बोटं आपोआप सुटतात, सोडवावी लागत नाहीत.

त्यासाठी दहाचे जोडीदार झोपेतसुद्धा यायला पाहिजेत, सात म्हटलं की तीन, सहा म्हटलं की चार. दहा चिंचोके मुठीत घे, थोडे खाली टाक, खाली चार दिसतायत तर मुठीत किती? एवढाच खेळ. धाकटी पण खेळेल, उलट तीच जिंकेल बघ. पत्त्यांचा कॅट असेल तर चित्रं आणि दश्शे काढून टाकायचे नि भिकार-सावकारसारखं खेळायचं, पण दोघांनी दोन-दोन पत्ते टाकायचे आणि ज्याची बेरीज मोठी त्यानं सगळे उचलायचे. सापशिडीला एकाऐवजी दोन फासे. ह्यात पोरगं अर्ध्या तासात पन्नास बेरजा करतं, वहीत दहा करायला रडतं.

इथंही मोजदाद करून ठेव. एक ते नऊच्या आपापसातल्या बेरजा, उलटसुलट एकच धरली तर ४५. कशातही एक किंवा दोन मिळवणं म्हणजे नुसतं पुढचे आकडे म्हणणं, ते १७ गेले, राहिले २८. जुळे, म्हणजे तीन-तीन पासून नऊ-नऊ, पोरांना लवकर येतात, ते सात गेले. दहाचे जोडीदार, तीन-सात आणि चार-सहा, दोन गेले. जुळ्यांच्या शेजारचे, सहा-सात म्हणजे सहाचे जुळे आणि वर एक, असे सहा गेले. नऊ मिळवायचे म्हणजे दहा मिळवून एक काढायचा, ते पाच गेले. आता उरल्या आठच, तीन-पाच, तीन-सहा, तीन-आठ, चार-सात, चार-आठ, पाच-सात, पाच-आठ, सहा-आठ. त्याची ती आठ-पाच ह्याच यादीत आहे बघ, म्हणजे पोरगं उगाच अडलेलं नाही, जिथं सगळी अडतात तिथंच अडलंय.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस पण माझा अंदाज आहे. तू त्याला यूट्यूबवरचे इंग्लिश टेबल्सचे व्हिडिओ पण दाखवत असशील. दाखवत असशील तर सध्या थांबव. सात आठे छप्पन आणि सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स ह्या डोक्याच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आठवताना एकाच भाषेत आठवतं, आणि ज्या भाषेत तुम्ही घरात बोलता, भांडता, बाजार करता तीच धर. इंग्लिश नंतर सहा महिन्यांत येतंय. आपल्या मराठीत एक अडचण मात्र आहे, ती मान्य करून टाकू, आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. सदुसष्ट ऐकलं की पोरगं सात आधी ऐकतं आणि ७६ लिहितं. आणि एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतात पण आकडा पन्नासातला. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्यांना किती बोलणी खावी लागली. मी तेव्हा दोन्हीकडनं भांडले, घरात एका बाजूनं नि स्टाफरूममध्ये दुसऱ्या. पण अडचण त्यांनी बरोबर पकडली होती असं माझं अजून मत आहे. तू दोन्ही वापर, त्रेसष्ट म्हणजे साठ तीन, एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, असं महिनाभर बोलत राहा. त्याचं उत्तर चुकलं की आधी बघ की गुणाकार चुकला का नुसतं नाव चुकलं. निम्म्या वेळा नाव चुकलेलं असतं आणि आपण पाढ्यावरनं ओरडत बसतो.

वजाबाकीसाठी तुझ्या सांगलीत पावसाळ्यात फळा लागलेलाच असतो की. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट हे सगळ्या गावाच्या तोंडात असतं, इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. आज ३३ आहे, इशाऱ्याला किती कमी? सकाळपासनं किती वाढलं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं होतं, म्हणजे धोक्याच्या वर किती? ज्या घरानं सामान माळ्यावर टाकलंय त्या घरातल्या पोराला ही वजाबाकी कशाला शिकायची असं विचारावं लागत नाही. आणि थोरल्याला हातच्याची वजाबाकी जमायला लागली की त्याला हा खेळ दे. कुठलेही तीन आकडे घे, सगळे सारखे नकोत, त्यांची मोठ्यात मोठी संख्या आणि लहानात लहान संख्या करून वजा कर, आलेल्या उत्तराचं परत तसंच (९९ आले तर ०९९ धर). ५३२ घेतले तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७, मग ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३, मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४, मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५, आणि तिथनं पुढं हलतच नाही, कायम ४९५. चार आकड्यांना असंच केलं की ६१७४ येतात, ते आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी शोधलेले, शाळामास्तरच होते ते. पोरगं ४९५ चुकवायला म्हणून स्वतःहून वीस वजाबाक्या करतं, तू नुसती जेवायला हाक मार.

अबॅकसचं म्हणशील तर वाईट नाही, पण तो वेगळा छंद आहे. त्याच्याकडं आधीच एक न जमणारी गोष्ट आहे, त्यात दुसरी भाषा आणि महिन्याची फी कशाला. आवडला तर पुढं लाव.

शाळेत घालायचं का नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही, पण पाढ्यांसाठी म्हणून घालणार असशील तर घालू नको, शाळेतली पन्नास टक्के पोरं मी स्वतः बेंचखाली बोटं मोजताना बघितलीत, टक्के माझे डोळ्यानं मोजलेले आहेत. परीक्षेची काळजी असेल तर एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेचं, ओपन बेसिक एज्युकेशन आहे ६ ते १४ वयाच्या पोरांसाठी, त्यात ए, बी आणि सी अशा लेव्हल असतात, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. म्हणजे कागद पाहिजे असेल तेव्हा कागद मिळतो.

धाकटीला पाढे नको. अजिबात नको. ती सहाची आहे, तिला चिंचोके, फासे, दहाचे जोडीदार आणि दोन-दोन, पाच-पाच, दहा-दहाच्या उड्या मारत मोजणं एवढंच. दादाचं ऐकून ती पाढे उचलेलच, उचलू दे, पण तिला दादासमोर विचारू नको. 'बघ तिला येतं' हे वाक्य तुमच्या घरात एकदा जरी बोललं गेलं तर माझी तिन्ही खोकी वाया गेली.

आणि त्या दिवशी ओरडलीस त्याचं. ओरडतो आपण, माणसं आहोत. पोराला जाऊन सांग की मी चुकीचं शिकवत होते म्हणून चिडले, तू नव्हतास चुकत. रडायला लागला की पत्ते तिथंच बंद करायचे, वही फेकण्याच्या आधी चेहऱ्यावर कळतंय ते, तुला कळतंच असेल.

राहिले मामंजी. त्यांच्याशी वाद घालू नको, त्यांना कामाला लाव. त्यांच्या पिढीनं पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी अडीचकी औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड असे अपूर्णांकांचे पाढे, सगळं पाठ केलेलं असतं, हळदीचे सौदे तोंडावर केलेला माणूस आहे, पण आता त्यांना कोणी विचारतच नाही म्हणून ते नातवाला विचारत सुटलेत. उलटं कर. परीक्षा पोरानं घ्यायची, आजोबांनी द्यायची. त्याला म्हणावं आजोबांना विचार औट साते किती. ते क्षणात साडेचोवीस म्हणतील. औट म्हणजे साडेतीन हे त्याला सांग आणि म्हणावं खरंच का, ताळा कर. मग सात त्रिक एकवीस, साताचं निम्मं साडेतीन, असं करत तो स्वतः साडेचोवीसला पोचेल, आणि एखाद्या दिवशी आजोबा चुकले तर मला मुद्दाम कळव, माझा अंदाज आहे की ते महिन्यातनं दोन-तीनदा मुद्दाम चुकतील.